कार्लो अबार्थ

कार्लो अबार्थ (मूळ नाव: कार्ल अबार्थ, जन्म: १५ नोव्हेंबर १९०८, व्हिएन्ना, मृत्यू: २४ ऑक्टोबर १९७९, व्हिएन्ना) हे ऑस्ट्रियात जन्मलेले इटालियन मोटारसायकलस्वार, अभिकल्पक आणि उद्योजक होते. त्यांनी १९४९ मध्ये स्थापन केलेली 'अबार्थ आणि कंपनी' विंचवाच्या बोधचिन्हामुळे जगभर ओळखली गेली. शर्यतीच्या लहान गाड्या आणि मोंझाच्या धावपट्टीवरील विक्रम यांसाठी त्यांचे नाव घेतले जाते. मात्र या कंपनीची आर्थिक बाजू दीर्घकाळ सांभाळली ती एका साध्या वाटणाऱ्या वस्तूने. ती वस्तू म्हणजे इतरांनी बनवलेल्या मोटारींना नंतर बसवायची, इंजिनाची ताकद वाढवणारी एक्झॉस्ट प्रणाली, म्हणजेच धूर बाहेर नेणाऱ्या नळ्या आणि सायलेन्सर.

बालपण आणि तारुण्य

अबार्थ यांचा जन्म ऑस्ट्रिया-हंगेरी साम्राज्याच्या राजधानीत झाला. वडिलांचे घराणे दक्षिण टायरॉलमधील मेरानो या गावचे. पहिल्या महायुद्धानंतर हा प्रदेश इटलीकडे गेला आणि त्यामुळे अबार्थ कुटुंबाला इटालियन नागरिकत्व मिळाले. जर्मन ही मातृभाषा, व्हिएन्ना ही जन्मभूमी आणि पारपत्र इटलीचे, अशी ही स्थिती होती. पुढील आयुष्यात 'कार्ल'चे 'कार्लो' होणे हे म्हणूनच केवळ नावापुरते नव्हते.

लहानपणीची एक गोष्ट त्यांच्याविषयी नेहमी सांगितली जाते. गल्लीतील मुले लाकडी चाकांच्या ढकलगाड्यांच्या शर्यती लावीत. मोठी मुले आपल्याला हरवतात हे पाहून कार्लने चामड्याच्या पट्ट्याचे तुकडे आपल्या गाडीच्या चाकांवर गुंडाळले. चाकांची पकड वाढली आणि तो पुढे गेला. आख्यायिकेचा भाग सोडला तरी त्यांच्या पुढील आयुष्यातील कामाची रीत या गोष्टीत अचूक उतरली आहे. गाडी तीच ठेवायची, पण तिच्यात एखादी छोटी सुधारणा अशी करायची की निकाल बदलेल.

किशोरवयातच ते इटलीत कास्तान्या यांच्या कारखान्यात कामाला लागले. तेथे सायकली आणि मोटारसायकली यांच्या सांगाड्यांचे काम त्यांनी शिकून घेतले. व्हिएन्नाला परतल्यावर 'मोटर थुन' या संस्थेत ते कारागीर म्हणून रुजू झाले. हातात पाना असलेल्या या तरुणाचे लक्ष शर्यतीकडे अधिक होते. २९ जुलै १९२८ रोजी साल्झबुर्ग येथे त्यांनी पहिली शर्यत जिंकली. त्या वेळी त्यांचे वय वीसही नव्हते, आणि जिंकलेले वाहन म्हणजे स्वतः दुरुस्त करून सुधारलेली एक जुनी ब्रिटिश मोटारसायकल होती. पुढच्याच वर्षी त्यांनी स्वतःच्या नावाची मोटारसायकल तयार केली.

१९३० मध्ये लिंझ येथे झालेल्या अपघातानंतर त्यांनी दोन चाकांच्या शर्यती सोडल्या आणि साइडकार जोडलेल्या मोटारसायकलीकडे ते वळले. साइडकारची रचनाही त्यांनी स्वतःच केली. १९३४ मध्ये याच वाहनाने त्यांनी ओरिएंट एक्सप्रेस या प्रसिद्ध आगगाडीशी पैज लावली. व्हिएन्ना ते बेल्जियममधील ऑस्टेंड हे अंतर तेराशे किलोमीटरांहून अधिक आहे. पहिल्या प्रयत्नात वाहनातील बिघाडामुळे आगगाडी पुढे गेली, दुसऱ्या प्रयत्नात अबार्थ आधी पोहोचले. त्या काळचे रस्ते, दिवे आणि टायर लक्षात घेतले तर हा पराक्रम मोठाच म्हणावा लागेल. त्यातील प्रसिद्धीचे मूल्यही अबार्थ यांच्या ध्यानात आले असावे, कारण विक्रम करायचा, तो वर्तमानपत्रांपर्यंत पोहोचवायचा आणि त्याच्या बळावर व्यवसाय वाढवायचा, हीच पद्धत त्यांनी पुढे मोटारींच्या बाबतीत वापरली.

लुब्लियाना आणि युद्धाची वर्षे

१९३० च्या दशकाच्या अखेरीस युगोस्लाव्हियातील लुब्लियाना येथे त्यांना पुन्हा भीषण अपघात झाला. त्यांना दीर्घकाळ रुग्णालयात राहावे लागले आणि मोटारसायकलस्वार म्हणून त्यांची कारकीर्द तेथेच संपली. युद्ध संपेपर्यंत ते लुब्लियानातच राहिले आणि तेथील एका कारखान्याची व्यवस्था त्यांनी पाहिली. युद्धानंतर ते वडिलांच्या मूळ गावी, मेरानोला आले. तेव्हा त्यांचे वय ३७ च्या आसपास होते. हाताशी भांडवल नव्हते, शर्यत हा पेशा उरला नव्हता आणि ज्या साम्राज्यात ते जन्मले ते केव्हाच नकाशावरून पुसले गेले होते.

चिसितालिया

या काळात त्यांच्या उपयोगी पडल्या त्या जुन्या ओळखी. फर्डिनांड पोर्शे यांचे जावई अँटोन पीएख यांच्या कार्यालयाशी त्यांचा संबंध होता. पीएख यांच्या सचिव असलेल्या महिलेशीच त्यांचा पहिला विवाह झाला होता. अभियंते रुडॉल्फ हृश्का आणि अबार्थ या दोघांनी इटलीत पोर्शे कार्यालयाचे प्रतिनिधित्व पत्करले. फर्डिनांड पोर्शे त्या वेळी फ्रान्समध्ये कैदेत होते आणि त्यांचे चिरंजीव फेरी पोर्शे ऑस्ट्रियातील ग्म्युंड या खेड्यातून काम चालवीत होते. तुरीनचे श्रीमंत उद्योगपती पिएरो दुसियो यांना आपल्या 'चिसितालिया' या कंपनीसाठी ग्रां प्री शर्यतीची गाडी हवी होती. त्यांनी पोर्शे कार्यालयाला काम दिले आणि त्या कराराच्या पैशाचा उपयोग फर्डिनांड पोर्शे यांच्या सुटकेसाठी झाला.

या करारातून 'पोर्शे ३६०' ही गाडी निर्माण झाली. इंजिन चालकाच्या मागे, बारा सिलिंडर आणि चारही चाकांना शक्ती देण्याची सोय, अशी तिची रचना काळाच्या फार पुढची होती. तिच्यावरील खर्चही तसाच होता. तो दुसियो यांना झेपला नाही, चिसितालिया डबघाईला आली आणि दुसियो अर्जेंटिनाला निघून गेले. कंपनीच्या शर्यतविभागाचे प्रमुख असलेल्या अबार्थ यांच्या वाट्याला देण्यापोटी '२०४' जातीच्या काही पूर्ण व काही अर्धवट गाड्या, एक 'डी ४६' आणि सुटे भाग आले. याच सामानावर त्यांनी पुढचा संसार उभा केला.

विंचवाची स्थापना

३१ मार्च १९४९ रोजी बोलोन्या येथे 'अबार्थ आणि कंपनी'ची नोंदणी झाली. भांडवल अर्मांदो स्कालिआरिनी यांचे होते. त्यांचे चिरंजीव गुइदो हे शर्यतपटू होते. बोधचिन्ह म्हणून अबार्थ यांनी आपल्या जन्मराशीचा, वृश्चिकेचा, विंचू निवडला. १९५१ मध्ये कंपनी इटलीच्या मोटार उद्योगाचे केंद्र असलेल्या तुरीनला हलली.

१० एप्रिल १९५० रोजी सिसिलीतील पालेर्मो–मोंते पेलेग्रिनो या घाटशर्यतीत ताझियो नुवोलारी यांनी अबार्थ २०४ ए ही गाडी चालवली आणि आपल्या गटात पहिला क्रमांक मिळवला. नुवोलारी तेव्हा ५७ वर्षांचे होते आणि फुप्फुसांच्या विकाराने जर्जर झाले होते. इटलीच्या या दैवताची ती शेवटची शर्यत ठरली. नवजात कंपनीला याहून मोठी प्रसिद्धी मिळणे अशक्य होते. (योगायोग असा की नुवोलारी यांचा जन्मदिवस १६ नोव्हेंबर, म्हणजे तेही वृश्चिक राशीचेच.)

परंतु शर्यतीतील बक्षिसांवर कारखाना चालत नाही. चिसितालियाचे दिवाळे अबार्थ यांनी अगदी जवळून पाहिले होते. म्हणून त्यांनी आरंभापासून विकता येईल असा माल शोधला. फियाटच्या 'तोपोलिनो' या लहान गाडीचा गिअर बदलण्याचा दांडा स्टिअरिंगपाशी आणणारा संच ही अशा वस्तूंपैकी एक होती. मात्र सर्वाधिक चालली ती एक्झॉस्ट प्रणाली.

एक्झॉस्ट प्रणाली: तत्त्व आणि रचना

अबार्थ यांचे यश समजून घेण्यासाठी इंजिनातून धूर बाहेर कसा पडतो हे पाहणे आवश्यक आहे. चार टप्प्यांच्या इंजिनात दट्ट्याच्या दर चौथ्या फेरीला जळालेले वायू बाहेर ढकलले जातात. इंजिन मिनिटाला ६,००० फेरे घेत असेल तर प्रत्येक सिलिंडर सेकंदाला ५० वेळा वायू बाहेर टाकतो. हा वायू संथ प्रवाहासारखा वाहत नाही, धक्क्याधक्क्याने येतो. वायू बाहेर पडण्यास अडथळा झाला तर दट्ट्याला तो ढकलण्यासाठी इंजिनाचीच काही शक्ती खर्च करावी लागते. शिवाय थोडा जळका वायू सिलिंडरमध्येच उरतो आणि नव्या मिश्रणाची जागा अडवतो.

मोठ्या संख्येने गाड्या बनवणाऱ्या कारखान्याला या नुकसानीचे फारसे सोयरसुतक नसते. त्याला स्वस्ताई, टिकाऊपणा आणि शांतता हवी असते. म्हणून सर्वसाधारण गाडीत ओतीव बिडाचे आखूड मॅनिफोल्ड असते. त्यात चारही सिलिंडरांचे वायू लगेच एकमेकांत मिसळतात. पुढे सायलेन्सरच्या पेटीत आडव्या पडद्यांतून वळसे घेत त्यांना जावे लागते. आवाज कमी होतो, पण वायूची वाट अडते.

सुधारित प्रणालीत ही वाट मोकळी केली जाते. प्रत्येक सिलिंडरपासून निघणारी पोलादी नळी स्वतंत्र ठेवतात, तिची वळणे सौम्य ठेवतात आणि नळ्या काही अंतरावर एकत्र आणतात. अशा नळ्यांच्या जुडग्याला हेडर म्हणतात. येथे लांबीला फार महत्त्व आहे. झडप उघडताच दाबाची एक लाट नळीतून पुढे धावते. नळी जेथे मोठ्या पोकळीत उघडते तेथून ती लाट उलटी फिरते आणि परतताना कमी दाबाची लाट होऊन येते. ही परतलेली लाट झडप बंद होण्यापूर्वी नेमक्या क्षणी पोहोचली तर ती उरलेला वायू अक्षरशः ओढून काढते आणि तिच्याबरोबर ताजे मिश्रणही आत खेचले जाते. नळी लांब असेल तर हा लाभ कमी वेगात मिळतो, आखूड असेल तर जास्त वेगात. व्यासाचेही तसेच आहे. नळी अरुंद असेल तर वायू कोंडतो, फार रुंद असेल तर त्याचा वेग मंदावतो आणि ओढ संपते. नळी जितकी मोठी तितकी ताकद अधिक, ही समजूत म्हणूनच चुकीची आहे, तरीही ती आजच्या गॅरेजांतूनही ऐकू येते.

कोणत्या सिलिंडरची नळी कोणाशी जोडायची हाही प्रश्न असतो. चार सिलिंडरांच्या अनेक इंजिनांत स्फोटाचा क्रम १–३–४–२ असा असतो. त्यात पहिला व चौथा सिलिंडर यांच्यात आणि दुसरा व तिसरा यांच्यात बरोबर एका पूर्ण फेऱ्याचे अंतर पडते. या जोड्या आधी जुळवल्या आणि मग त्यांच्या दोन नळ्या एकत्र केल्या तर एकाचा धक्का दुसऱ्याच्या आड येत नाही. चारच्या दोन आणि दोनची एक, ही मांडणी रस्त्यावरील गाड्यांना विशेष मानवते, कारण तिचा लाभ वेगाच्या एकाच टप्प्यापुरता मर्यादित राहत नाही.

सायलेन्सरच्या बाबतीत पडद्यांऐवजी आरपार जाणारी छिद्रयुक्त नळी आणि तिच्याभोवती आवाज शोषणारे काचलोकर भरलेले कवच हा मार्ग मोकळ्या प्रवाहाला सोयीचा असतो. वायू सरळ निघून जातो, आवाजाची धार मात्र लोकरीत जिरते. पूर्ण शांतता होत नाही, एक खर्जातील घरघर मागे उरते. अबार्थ यांच्या काळ्या खरबरीत रंगाच्या, टोकाशी चकाकणाऱ्या क्रोम नळ्या असलेल्या सायलेन्सरची ती ओळखच बनली. इटलीतील तरुणांनी तो सायलेन्सर विकत घेतला त्यात अश्वशक्तीचा वाटा किती आणि त्या आवाजाचा किती, हे सांगणे अवघड आहे. तथापि फियाट ५०० सारख्या गाडीची मूळ शक्ती जेथे अवघी १३ अश्वशक्ती होती, तेथे एका अश्वशक्तीची भर म्हणजे सुमारे आठ टक्के वाढ, हेही विसरता येत नाही.

अबार्थ यांचे खरे कौशल्य येथे दिसते. प्रत्येक मॉडेलच्या खालची जागा, मूळ छिद्रे आणि पट्ट्या लक्षात घेऊन त्यांनी वेगवेगळे संच तयार केले. त्यामुळे गाडी न कापता, न जोडता, साध्या हत्यारांनी संच बसवता येई. लहान फियाटपासून लान्चिया, आल्फा रोमिओ, फोक्सवागन, पोर्शे आणि ब्रिटिश स्पोर्ट्स गाड्यांपर्यंत त्यांची यादी वाढत गेली. फेरारीच्या २५० मालिकेतील अनेक गाड्यांना तर कारखान्यातूनच अबार्थचे सायलेन्सर लागत. १९६० च्या दशकाच्या आरंभी कंपनीचे वार्षिक उत्पादन अडीच लाख नगांच्या घरात गेले आणि त्यातील निम्म्याहून अधिक माल परदेशी जाऊ लागला. कामगारांची संख्या मात्र काही शेकड्यांतच होती. त्या काळातील दुसऱ्या कोणत्याही छोट्या शर्यतसंस्थेपाशी उत्पन्नाचा असा झरा क्वचितच होता.

फियाटशी नाते

१९५५ मध्ये फियाटने मागे इंजिन असलेली '६००' ही स्वस्त गाडी आणली. तिच्या ६३३ सीसी इंजिनाचे आकारमान अबार्थ यांनी ७४७ सीसीपर्यंत वाढवले, कार्ब्युरेटर आणि एक्झॉस्ट बदलला आणि शक्ती जवळजवळ दुप्पट केली. झागातो यांनी या ७५० वर घडवलेली, छतावर चालक व सोबत्याच्या डोक्यासाठी दोन उंचवटे असलेली गाडी अमेरिकेतही गाजली. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांचे पुत्र फ्रँकलिन रूझवेल्ट (कनिष्ठ) हे तेथील तिचे वितरक होते.

जून १९५६ मध्ये मोंझा येथे बेर्तोने यांनी घडवलेल्या शरीराच्या ७५० सीसी गाडीने २४ तासांत ३,७४३ किलोमीटर अंतर तोडले. सरासरी वेग ताशी सुमारे १५६ किलोमीटर होता.

याहून महत्त्वाची घटना १९५८ मधील. फियाटची नवी '५००' ही गाडी १९५७ च्या उन्हाळ्यात बाजारात आली, पण आरंभी तिला ग्राहक मिळेना. लोकांना ती फार दुबळी वाटली. फेब्रुवारी १९५८ मध्ये ऐन हिवाळ्यात अबार्थ यांनी आपल्या संस्काराची ५०० मोंझाच्या धावपट्टीवर सात दिवस व सात रात्री अखंड पळवली. १६८ तासांत १८,१८६ किलोमीटर, सरासरी ताशी १०८ किलोमीटर, आणि सहा आंतरराष्ट्रीय विक्रम असा त्याचा निकाल होता. दुबळेपणाचा शिक्का पुसण्यास याचे मोठे साहाय्य झाले. यानंतर फियाटने प्रत्येक विजयामागे आणि विक्रमामागे अबार्थ यांना ठराविक रक्कम देण्याचे मान्य केले आणि गाड्यांवर 'फियाट-अबार्थ' असे जोडनाव दिसू लागले.

हा करार वरवर पाहता लाभाचा होता. त्यात एक पेचही होता. जितके विजय तितके पैसे, म्हणून शर्यती वाढवायच्या, शर्यती वाढल्या की खर्च वाढायचा, आणि तो भरून काढण्यास आणखी विजय हवेत. शिवाय पाया दुसऱ्याचा होता. सिम्का या फ्रेंच कंपनीच्या गाड्यांवर आधारलेल्या 'अबार्थ-सिम्का' गाड्यांनी १९६२ पासून चांगले यश मिळवले. १९६३ मध्ये हान्स हेरमान यांनी न्यूर्बुर्गरिंगची ५०० किलोमीटरची शर्यत अबार्थसाठी जिंकली. पण सिम्कावर क्रायस्लरचे नियंत्रण आल्यावर तो मार्ग बंद झाला. पोर्शेसाठी १९६० मध्ये बनवलेल्या, फ्रांको स्काल्योने यांनी आखलेल्या '३५६ बी कॅरेरा जीटीएल' या हलक्या गाड्यांचेही तेच झाले. संख्या वीसच्या आसपास राहिली, त्याच वर्षी तार्गा फ्लोरिओत गटविजय मिळाला, परंतु सहकार्य पुढे वाढले नाही.

८५० टीसी, १००० टीसी, ५९५ (१९६३) आणि ६९५ (१९६४) या गाड्या सामान्य ग्राहकापर्यंत पोहोचल्या. शर्यतीच्या टीसी गाड्यांचे मागील झाकण उघडे टेकवून ठेवलेले असे. इंजिन आणि तापलेल्या एक्झॉस्ट नळ्यांना वारा मिळावा हा त्यामागील उद्देश होता, आणि गाडीमागील हवेच्या प्रवाहालाही त्याची मदत होई. रस्त्यावरील हौशी मंडळीही मग झाकण उघडे ठेवून फिरू लागली. अभियंते मारिओ कोलुच्ची यांच्या देखरेखीखाली या छोट्या इंजिनांतून अधिकाधिक शक्ती काढली गेली. १००० टीसीच्या शेवटच्या आवृत्तीत एक लिटरहून कमी आकारमानातून शंभराहून अधिक अश्वशक्ती मिळत असे, आणि या इंजिनाचे बीज ६०० मधील बावीस अश्वशक्तीच्या इंजिनात होते.

सफरचंदांचा विक्रम

२० ऑक्टोबर १९६५ रोजी अबार्थ स्वतः मोंझाच्या धावपट्टीवर उतरले. सत्तावन्नावा वाढदिवस महिन्यावर आला होता. एक आसनी, एक लिटरच्या गाडीत त्यांची उंच देहयष्टी मावेना, म्हणून त्यांनी प्रामुख्याने सफरचंदांवर राहून सुमारे ३० किलो वजन घटवले. स्थिर अवस्थेतून पाव मैल आणि ५०० मीटर अंतर कापण्याचे त्या गटातील विक्रम त्यांनी मोडले. अबार्थ हे पोशाखाबाबत अतिशय चोखंदळ होते आणि कारखान्यात कडक शिस्तीचे म्हणून ओळखले जात. अशा माणसाने उतारवयात उपाशी राहून अरुंद गाडीत शिरावे, यात प्रसिद्धीची जाण होतीच. पण लुब्लियानाच्या अपघाताने हिरावलेले काहीतरी परत मिळवण्याची ओढही त्यात असावी.

कंपनीची विक्री

१९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात अबार्थ यांनी मोठ्या गाड्यांचा ध्यास घेतला. दोन लिटरच्या गाड्या घाटशर्यतींत पोर्शेच्या तोडीच्या ठरल्या. सहा लिटरच्या बारा सिलिंडर इंजिनाचेही काम त्यांनी हाती घेतले. परंतु १९६८ च्या हंगामापासून अशा गाड्यांसाठी तीन लिटरची मर्यादा घालण्यात आली आणि ते इंजिन शर्यतीत उतरण्यापूर्वीच निरुपयोगी झाले. त्यात गुंतलेला पैसा परत येणे नव्हते. सायलेन्सर विकून मिळालेल्या पैशावर पोर्शे आणि फेरारी यांच्याशी बरोबरी करण्याचा हा प्रयत्न होता. कंपनीचा आकार पाहता तो पेलणारा नव्हता असेच म्हणावे लागते. वीस वर्षांपूर्वी दुसियो यांची जी चूक त्यांनी पाहिली होती, तिच्या वाटेवर ते स्वतःही काही अंतर चालून गेले.

इटलीतील औद्योगिक अशांतता आणि वाढता खर्च यांची त्यात भर पडली. ३१ जुलै १९७१ रोजी कंपनी फियाटच्या स्वाधीन झाली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये हे जाहीर करण्यात आले. स्पोर्ट्स गाड्यांचा शर्यतविभाग एंझो ओसेल्ला यांच्याकडे गेला. १९७२ मध्ये अबार्थ-ओसेल्ला गाडीतून आर्तुरो मेर्झारिओ यांनी दोन लिटर गटातील युरोपीय अजिंक्यपद मिळवले. ज्या गाड्यांपायी अबार्थ यांनी कंपनी गमावली होती, त्यांनी मालक बदलल्यावर हे यश मिळवले. फियाटने अबार्थचा कारखाना रॅली गाड्यांच्या कामाला लावला आणि '१३१ अबार्थ'ने १९७७, १९७८ आणि १९८० मध्ये जागतिक रॅली अजिंक्यपद फियाटला मिळवून दिले.

अबार्थ यांनी काही काळ फियाटचे सल्लागार म्हणून काम पाहिले आणि नंतर ते व्हिएन्नाला परतले. त्यांचे तीन विवाह झाले. तिसरा विवाह मृत्यूच्या वर्षीच झाला. २४ ऑक्टोबर १९७९ रोजी, सूर्य वृश्चिक राशीत शिरण्याच्या सुमारास, व्हिएन्नात त्यांचे निधन झाले.

नंतरचा काळ आणि भारत

अबार्थ हे नाव पुढे बराच काळ केवळ गाड्यांच्या महागड्या आवृत्त्यांवरील चिन्ह म्हणून उरले. २००७ मध्ये फियाटने स्वतंत्र नाममुद्रा म्हणून ते पुन्हा बाजारात आणले. अबार्थ यांच्या काळातील एक्झॉस्ट संच आज जुन्या गाड्यांच्या संग्राहकांत मोठ्या मागणीचे आहेत. त्यांच्या मापांवरून नव्याने बनवलेल्या प्रतिकृतीही विकल्या जातात. मूळ सायलेन्सर आतून गंजतात आणि काचलोकर झिजून आवाज वाढतो, त्यामुळे चालू स्थितीतील जुना नग मिळणे दुर्मीळ झाले आहे.

भारतीयांना ज्या 'फियाट ११००' चा परिचय मुंबईतील कुर्ला येथील प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यामुळे झाला आणि जी पुढे 'प्रीमियर पद्मिनी' या नावाने टॅक्सी म्हणून मुंबईच्या रस्त्यांवर धावली, ती गाडी इटलीत अबार्थच्या एक्झॉस्ट संचाची ग्राहक होती. २०१५ मध्ये पुण्याजवळील रांजणगाव येथील कारखान्यात १.४ लिटर टर्बो इंजिनाची, १४५ अश्वशक्तीची 'अबार्थ पुंटो' तयार होऊ लागली. त्याच वर्षी आयात केलेली '५९५ कॉम्पेतित्सिओने' ही गाडीही भारतात विक्रीस आली. दोन्ही गाड्यांच्या नाकावर पिवळ्या-तांबड्या ढालीतील विंचू होता.